मेळ बसला पाहिजे : इतिहासातील हकिकती कितपत विश्वसनीय?

खान्देशात स्थिरावलेल्या बहुतेक व्यापारी घराण्यांत पूर्वजांची एक हकिकत सांगितली जाते. खापरपणजोबा मारवाडातून लोटा-डोरी घेऊन निघाले, मजल दरमजल करीत तापीकाठी आले, एखाद्या खेड्यात किराण्याचे लहानसे दुकान मांडले आणि सचोटीच्या बळावर पुढच्या पिढ्यांनी जळगावच्या किंवा धुळ्याच्या पेठेत पेढी उभी केली. विवाहप्रसंगी, ज्येष्ठांच्या अमृतमहोत्सवात, पेढीच्या शताब्दीच्या स्मरणिकेत ही हकिकत पुनःपुन्हा येते. मात्र ते कोणत्या संवतात आले, पहिले भांडवल कोणाचे होते, दुकान थोरल्या भावाने काढले की धाकट्याने, असे विचारले की घराण्याच्या प्रत्येक शाखेचे उत्तर वेगळे येते. सांगणारा कोणीही जाणूनबुजून खोटे बोलत नसतो. तरीही सगळी उत्तरे एकाच वेळी खरी असू शकत नाहीत.

हाच प्रश्न राजांच्या, लढायांच्या आणि संतांच्या इतिहासापुढेही उभा असतो. घडून गेलेल्या गोष्टीची जी हकिकत आपल्यापर्यंत पोहोचली, तिच्यावर किती भरवसा ठेवावा? व्यापाऱ्याला हा प्रश्न परका नाही. सायंकाळी रोजमेळ लिहिताना गल्ल्यातील रोकड आणि वहीतील शिल्लक जुळली नाही, तर तो चूक सापडेपर्यंत वही मिटत नाही. इतिहासकाराचे कामही याच जातीचे आहे आणि त्याची उत्तम उदाहरणे खान्देशातच सापडतात.

पाटणचा शिलालेख

चाळीसगाव तालुक्यात डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटण हे प्राचीन गाव आहे. पाटणादेवीच्या दर्शनाला जळगाव-धुळ्याहून असंख्य कुटुंबे जातात. येथील भवानीच्या मंदिरातील एका शिलालेखाकडे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये विद्वानांचे लक्ष वेधले. तेराव्या शतकाच्या प्रारंभीचा हा लेख थोर गणिती भास्कराचार्य यांच्या घराण्याविषयीचा आहे. भास्कराचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव. हा चांगदेव यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून त्याने पाटणला मठ स्थापिला आणि निकुंभ घराण्यातील स्थानिक सत्ताधीशांनी त्या मठाला उत्पन्न लावून दिले. मुक्ताईनगर परिसरात ज्यांच्या कथा सांगितल्या जातात ते योगी चांगदेव निराळे. एकाच नावाच्या दोन व्यक्तींची गल्लत हा इतिहासातील नेहमीचा धोका आहे. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची प्रथा असलेल्या घराण्यांना तो चटकन पटेल.

या लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि तो व्यापाऱ्यांनी मुद्दाम जाणून घ्यावा असा आहे. पाटणच्या बाजारात जो माल विक्रीस येई, त्यावर ग्राहकाकडून घेतला जाणारा सरकारी हक्क मठाला दिल्याची नोंद त्यात आहे. प्रत्येक तेलघाण्यामागे पळीने मोजून तेल द्यावे असेही त्यात नमूद आहे. संस्कृत श्लोकांतील राजस्तुती आणि पांडित्याची प्रशंसा ही त्या काळच्या काव्यरीतीची असल्याने तिच्यातून थोडी वजावट करावीच लागते. तेलाच्या पळीचे तसे नाही. ती कोणी द्यायची आणि कोणाला मिळायची हे ठरवणारी माणसे हयात होती, घाणेवाले तेथेच राहत होते आणि आकडा चुकीचा कोरला असता तर दुसऱ्याच दिवशी तक्रार झाली असती. एकाच दगडावरची दोन विधानेही सारख्याच वजनाची नसतात, हे येथे स्पष्ट दिसते.

आता याच भास्कराचार्यांची सर्वांत प्रसिद्ध कथा पाहावी. त्यांची कन्या लीलावती हिच्या विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र ठेवले होते. तिच्या अलंकारातील मोती निसटून पात्राच्या छिद्रात अडकला, मुहूर्त टळला आणि दुःखी कन्येच्या समाधानासाठी पित्याने तिच्या नावाने गणिताचा ग्रंथ लिहिला. कथा हृदयस्पर्शी आहे. परंतु ती आढळते अकबराच्या दरबारातील फैजी याने १५८७ मध्ये केलेल्या ‘लीलावती’च्या फारसी भाषांतरात. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा, आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी आपण ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. ‘लीलावती’ हा त्याचाच एक भाग मानला जातो. ग्रंथ आणि कथा यांच्यात चार शतकांहून अधिक अंतर पडते. मूळ ग्रंथात लीलावतीला उद्देशून प्रश्न विचारले आहेत, पण ती आपली कन्या असल्याचे ग्रंथकाराने सांगितलेले नाही.

मग लीलावती नव्हतीच असे म्हणावे काय? तसेही म्हणता येत नाही. पाटणच्या लेखात तिचा उल्लेख नाही हे खरे, पण त्या काळच्या वंशावळी पिता, पुत्र आणि पौत्र एवढ्याच नोंदीत. मारवाडातील भाटांच्या जुन्या वह्यांतही लेकींची नावे शोधू गेल्यास बहुधा निराशाच पदरी येते. नोंद नसणे हा अभावाचा पुरावा होत नाही. प्रामाणिक माणसाने येथे एवढेच म्हणावे की भास्कराचार्यांचा काळ आणि वंश यांना भक्कम आधार आहे, तर मोत्याची कथा चार शतकांनंतरची आहे.

धुळ्यातील इतिहासाचार्य

धुळ्यातील राजवाडे संशोधन मंडळ सर्वांना परिचित आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही संस्था १९२७ मध्ये उभी राहिली, त्या इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे निधन धुळ्यातच ३१ डिसेंबर १९२६ रोजी झाले. त्यांच्यापूर्वी मराठ्यांचा इतिहास बव्हंशी बखरींवर आणि ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथावर आधारलेला होता. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरे शोधली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड सिद्ध केले. १८९८ मध्ये निघालेल्या पहिल्या खंडात पानिपतपर्यंतच्या दशकातील मूळ पत्रे होती. त्या पत्रांशी ताडून पाहता बखरींतील कालक्रम, नावे आणि प्रसंग जागोजाग चुकीचे ठरतात, हे त्यांनी प्रस्तावनेत सविस्तर दाखवले.

फरक कशात होता? पत्र लिहिणाऱ्याला उद्या काय होणार हे माहीत नसते. त्याला धान्य हवे असते, कुमक हवी असते, थकलेला पगार हवा असतो. बखरकाराला शेवट ठाऊक असतो. कोण जिंकले, कोण हरले, कोणाचे वंशज आज गादीवर आहेत, हे माहीत असूनच तो लिहायला बसतो आणि शेवटाला साजेशा गोष्टी मागे जाऊन भरतो. रोजच्या रोज लिहिलेली रोकडवही आणि वर्षअखेरीस आठवून लिहिलेला हिशेब यांत जो फरक, तोच येथेही आहे.

पानिपताच्या संदर्भात सावकारी पत्राची एक हकिकत ग्रँट डफने दिली आहे. १४ जानेवारी १७६१ च्या पराभवाची वार्ता दक्षिणेकडे निघालेल्या सावकारांच्या कासिदाकडून नानासाहेब पेशव्यांना समजली. पत्रात माणसांची नावे नव्हती. दोन मोती, सत्तावीस मोहरा आणि अगणित रुपे-तांबे बुडाल्याचा तो सांकेतिक मजकूर होता. सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव हे ते दोन मोती. पेढीच्या भाषेत लिहिलेल्या या चार शब्दांना वजन आहे, कारण सावकाराची बातमी चुकली तर त्याचीच हुंडी बुडते. मात्र हेही लक्षात ठेवावे की ही हकिकत आपल्या हाती आली ती घटनेनंतर पासष्ट वर्षांनी छापलेल्या ग्रंथातून. हुंडी हरवली तर पेठ आणि पेठही हरवली तर परपेठ लिहून देण्याची रीत होती, आणि तीत आधीच्या कागदाचा हवाला असे. इतिहासातही नक्कल कशावरून उतरवली हे आधी विचारावे लागते.

हा नियम खुद्द राजवाडे यांनाही सुटला नाही. १९०९ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची एक प्रत प्रसिद्ध केली आणि ती एकनाथपूर्व असल्याचे प्रतिपादन केले. पुढच्या अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतले. निवाडा करण्यासाठी मूळ पोथी तपासणे आवश्यक होते, पण ती पुढे उपलब्ध राहिली नाही. एवढ्या मोठ्या संशोधकाचे मतही मूळ कागदावाचून मतच राहिले.

तीन साक्षी, एक तिथी

छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद हे याच तपासणीचे सर्वांना परिचित असलेले उदाहरण होय. बखरींच्या आधारे त्यांचा जन्म इ.स. १६२७ चा मानला जात असे आणि बखरींतही आपसांत एकवाक्यता नव्हती. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे घराण्याची शकावली प्रसिद्ध केली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० अशी नोंद होती. एका नोंदीवर कोणी विसंबले नाही. पुढे तंजावरहून कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य मिळाले. ते महाराजांच्या हयातीत रचलेले असून त्यातही हीच तिथी निघाली. जोधपूरच्या एका ज्योतिष्याच्या संग्रहातील कुंडलीनेही १६३० च्याच बाजूने साक्ष दिली.

मावळातील देशमुख, तंजावरला पोहोचलेले काव्य आणि मारवाडातील ज्योतिषी यांनी एकत्र बसून काही ठरवले असण्याचा संभव नाही. त्यांची नोंद जुळते म्हणून ती बळकट ठरते. उलट दहा बखरी एकाच जुन्या बखरीवरून उतरलेल्या असतील, तर त्या दहा साक्षी होत नाहीत, एकच साक्ष दहादा मोजली जाते.

कायद्यानेही हेच तत्त्व मानले आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे व्यवसायाच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या हिशेबाच्या वहीतील नोंद ग्राह्य असे, मात्र केवळ तेवढ्यावरून कोणावरही देणे लादता येत नसे. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २८ मध्ये हीच तरतूद कायम आहे. वहीचा मान राखायचा, पण तिला जोड मागायची, ही इतिहासकाराचीही भूमिका असते.

कागदही एका बाजूचा असू शकतो

समकालीन कागद मिळाला म्हणजे सत्य हाती आले, असेही मानू नये. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी गुजराती व मारवाडी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि पुणे-नगर भागात ही लाट पसरली. माणसांना इजा तुलनेने थोडी झाली. जमावाला हवी होती ती कर्जखते, आणि ती जाळण्यात आली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात चढलेले कापसाचे भाव युद्धानंतर कोसळले होते, कर्ज मिळणे बंद झाले होते आणि सरकारी साराही वाढवण्यात आला होता.

या प्रकरणाचे तीन कागद कल्पावेत. कर्जखत सावकाराच्या दुकानात लिहिले गेले. त्यावर अंगठा उठवणाऱ्याला बहुधा ते वाचता येत नव्हते. चौकशी समितीचा अहवाल सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांनी लिहिला. त्यात सावकाराच्या दोषाचे पारडे जड झाले आणि वाढलेल्या साऱ्याचे हलके राहिले, असे पुढच्या अभ्यासकांनी दाखवले आहे. शेतकऱ्याने स्वतः लिहिलेला कागद फारसा मागे उरला नाही. त्याचे म्हणणे इतरांनी घेतलेल्या जबान्यांतून शोधावे लागते. व्यापारी समाजाने येथे दोन्ही बाजूंनी विचार करावा. इंग्रजी अहवालात रंगवलेला सावकार हे आपल्या पूर्वजांचे संपूर्ण चित्र नव्हे, आणि पूर्वजांच्या पेढीवरचे खत हेही संपूर्ण चित्र नव्हे.

अनेकान्ताचा संस्कार असलेल्या वाचकाला हे समजणे कठीण नाही. मात्र अनेकान्ताचा अर्थ सर्वच हकिकती सारख्याच खऱ्या असा होत नाही. प्रत्येक विधान कोणत्या दृष्टीने केले आहे हे ओळखून त्याला त्याच्या मर्यादेत स्वीकारावे, एवढाच त्याचा आग्रह आहे. मर्यादा सोडून केलेले विधान तेथेही दोषास्पदच मानले आहे.

वाचताना होणारी चूक

कधी लिहिणारा चोख असतो आणि वाचणारा चुकतो. काना-मात्रा न देता लिहिल्या जाणाऱ्या महाजनी लिपीचा विनोद मारवाडी घरांत सर्वांनी ऐकलेला असतो : ‘काकाजी अजमेर गये’ असे लिहिलेले पत्र गावी ‘काकाजी आज मर गये’ असे वाचले गेले आणि घरात रडारड सुरू झाली. पंचांगाचेही तसेच. ज्या अमावास्येला महाराष्ट्रात आश्विन वद्य अमावास्या म्हणतात, तीच मारवाडात कार्तिक वदी अमावस. दिवाळी एकच, महिन्याची नावे दोन, आणि दोन्ही बरोबर. मारवाडातील संवत चैत्रात बदलतो, गुजरातेतील कार्तिकात. ही रीत लक्षात न घेता जुन्या वहीतील मितीचे इंग्रजी तारखेत रूपांतर केले तर महिन्याचा किंवा वर्षाचा फरक सहज पडतो आणि दोन शाखांमध्ये विनाकारण वाद उभा राहतो.

बनारसीदासांची अर्धी कथा

व्यापाऱ्याने लिहिलेला इतिहास कसा असावा याचा नमुना हवा असेल, तर श्रीमाळ जैन व्यापारी कवी बनारसीदास यांचे ‘अर्धकथानक’ पाहावे. १५८६ मध्ये जौनपूरला जन्मलेल्या बनारसीदासांनी वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, १६४१ मध्ये, ते पूर्ण केले. मनुष्याचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरून त्यांनी आपल्या कथेला अर्धी म्हटले. व्यापारात आलेली खोट, तारुण्यातील स्वैर वर्तन, डोळ्यांदेखत गेलेली नऊ अपत्ये, सारे त्यांनी लपवाछपवी न करता नोंदले. १६०५ मध्ये अकबराच्या निधनाची वार्ता येताच जौनपूरच्या बाजारात दुकाने पटापट बंद झाली आणि लोकांनी दागिने व रोकड पुरून ठेवली, हे त्यांच्यामुळे समजते. दरबारी तवारिखा तख्ताकडे पाहून लिहिल्या जातात. बाजारातील ते भयाचे दिवस त्यांनी टिपले.

हेही लेखन त्या प्रसंगानंतर छत्तीस वर्षांनी केलेले आहे, म्हणून त्यातील बारीकसारीक तपशील आठवणीच्या मर्यादेतच घ्यावेत. तथापि जो माणूस स्वतःचा तोटा लिहून ठेवतो, त्याच्या नफ्याच्या नोंदीवरही विश्वास बसतो. केवळ यशाने भरलेल्या स्मरणिका वाचताना ही कसोटी लावून पाहावी.

घरातील वह्यांचे काय?

हा सारा विचार शेवटी घराच्या माळ्यावरील लाल कापडाच्या बासनांपाशी येतो. हिशेब संगणकावर गेले, जुनी दुकाने पाडून इमारती उभ्या राहिल्या आणि महाजनी किंवा मोडी सहज वाचणारे मुनीम एकेक करून काळाआड चालले. जागा हवी म्हणून वह्यांची पोती रद्दीत जातात. त्या गेल्या की घराण्याचा इतिहास म्हणून मागे उरते ती केवळ सांगीवांगीची कथा, आणि ती खरी की खोटी हे तपासण्याचे साधन कायमचे नष्ट होते.

काही गोष्टी प्रत्येक कुटुंबाला करता येण्यासारख्या आहेत. बासन सोडण्यापूर्वी वह्यांचा क्रम टिपून ठेवावा, कारण कोणती वही कोणत्या वहीशेजारी होती हीसुद्धा माहितीच असते. पाने प्लॅस्टिकमध्ये पक्की बंद करू नयेत. कोरड्या जागी सुती कापडात ठेवावीत आणि छायाचित्रे घ्यावीत. लिपी वाचणारे ज्येष्ठ घरात वा गावात असतील, तर त्यांच्याकडून निदान पहिली पाने वाचून घ्यावीत. आजी-आजोबांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करताना सांगणाऱ्याचे नाव, वय आणि दिनांक नोंदवावा. त्यांनी स्वतः पाहिलेले कोणते आणि ऐकलेले कोणते, हेही विचारून घ्यावे. देरासरातील जुन्या धातुप्रतिमांच्या पाठीमागे बहुधा संवत, श्रावकाचे नाव आणि गोत्र कोरलेले असते. ते भाटांच्या वहीशी ताडून पाहावे. जळगावकरांनी एक लक्षात ठेवावे : १९०६ पर्यंत खान्देश हा एकच जिल्हा होता आणि त्याचे मुख्य ठाणे धुळे होते. त्यापूर्वीच्या सरकारी कागदांचा शोध धुळ्यापर्यंत न्यावा लागतो.

अशा शोधात कधी अप्रिय गोष्टही हाती लागते. लोटा-डोरी घेऊन आलेल्या पूर्वजाच्या नावे गावातील दुसऱ्या पेढीने दिलेले भांडवल निघते, एखाद्या विधवा काकूचा ठेवीचा पैसा पहिल्या दुकानात गुंतलेला दिसतो, किंवा स्मरणिकेत नाव नसलेला भाऊ भागीदार म्हणून वहीत सापडतो. त्याने पूर्वजांचा मान कमी होत नाही. ज्याचे देणे इतकी वर्षे नोंदले गेले नव्हते, त्याच्या खात्यावर ते आता जमा होते, एवढेच. यंदा वहीपूजनाच्या दिवशी नव्या वहीबरोबर घरातील सर्वांत जुनी वहीही खाली उतरवावी आणि तिचे पहिले पान मुलांसमोर वाचावे.